नाही घेतलं

शिकागोतली माझी पाच वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. काकांशी ओळख झाली ते वर्ष मात्र महिन्यामहिन्यानं आठवतं, आणि आठवतं ते फारसं सुखाचं नाही.

२००३ चा मे महिना होता. नागपूरहून येऊन मला जेमतेम नऊ महिने झाले होते. संख्याशास्त्रात पीएचडी करत होते आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत आठवड्याला दहा तास काम करत होते. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम एका उपनगरातल्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवला होता. आमच्या समाजाची महाराष्ट्रातून आलेली वीस-पंचवीस कुटुंबं जमली होती. बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर; शिवाय माझ्यासारखे पाच-सहा विद्यार्थी. वंदना झाली, मुलांची भाषणं इंग्रजीत झाली, खीर वाटून झाली. मग सेक्रेटरी उठून म्हणाले, "आता काका त्यांच्या भावाची गोष्ट सांगतील." शेजारच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "दर वर्षी सांगतात. ऐक, छान सांगतात."

काका कामठीचे. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगानं बारीक. काकू गेल्यावर मुलीकडे राहायला आले होते. मुलगी फार्मसीत नोकरी करायची. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत बापलेक दोन खोल्यांत राहायचे. काकांनी माइक बाजूला सारला आणि वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

त्यांचा भाऊ त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठा. छावणीच्या मैदानावर गोऱ्या अधिकाऱ्यांना नेटमध्ये बोलिंग टाकून टाकून तो फास्ट बोलर झाला. महायुद्धात आमच्या समाजाची पलटण पुन्हा उभी राहिली, तेव्हा तो तिच्यात भरती झाला, ब्रह्मदेशाच्या बाजूला लढायला गेला आणि जिवंत परत आला. युद्ध संपलं त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन सैनिकांचा क्रिकेट संघ इंग्लंडहून घरी जाता जाता हिंदुस्थानात खेळायला थांबला. लढाईच्या सगळ्या वर्षांत परदेशचा संघ कोणी पाहिला नव्हता. लोक अक्षरशः भुकेले होते. त्यांच्याशी मुंबईत होणाऱ्या एका सामन्यासाठी संघ निवडायचा होता. पलटणीतल्या एका साहेबानं शब्द टाकला आणि भावाला सराव सामन्याचं बोलावणं आलं. मिशनच्या शाळेतल्या बाईंनी त्याला पांढरा स्वेटर विणून दिला. अख्खी वस्ती स्टेशनवर पोचवायला गेली.

"आठव्या दिवशी दादा परत आला," काका म्हणाले. "दारात उभा राहिला आणि म्हणाला, नाही घेतलं. एवढंच. आमचे वडील म्हणाले, घेणार नव्हतेच. त्यानंतर दादानं चेंडूला हात लावला नाही. पोस्टात लागला, तिथंच रिटायर झाला, तिथल्याच पेन्शनवर गेला. त्याला का घेतलं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

खरंच नको होतं. हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरात असा एक तरी माणूस होता. माझ्या आजोबांना वर्गात पहिला नंबर असून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. मला ती गोष्ट आपल्या घरचीच वाटली, आणि त्या भरात मी नंतर काकांपाशी जाऊन म्हणाले, "आमच्या लायब्ररीत तेव्हाची मुंबईची वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. मी शोधू शकते."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "त्याचं नाव छापलेलं असेल?"

"सराव सामन्याला होते ना? मग असेल कदाचित."

"मी त्याचं नाव छापलेलं कधी पाहिलं नाही, बेटा. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतही चुकलं होतं."

उन्हाळा माझ्या परीक्षेत गेला. शोध सुरू झाला तो नोव्हेंबरात. लायब्ररीच्या तळघरात फिल्मची यंत्रं होती. शिफ्ट संपली की तासभर तिथं बसायचं, रीळ लावायचं, हँडल फिरवायचं. पानं पडद्यावरून सरकायला लागली की बोटीत बसल्यासारखं मळमळायचं. मी त्या हिवाळ्यातले अंक एकेक करून पाहिले. क्रिकेटच्या बातमीशेजारी सुटून आलेल्या युद्धकैद्यांची बोट बंदराला लागल्याची बातमी असायची, खाली रेशनच्या धान्याची, आणि बेपत्ता सैनिकांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या घरच्यांच्या जाहिराती. पाहुण्या संघातले कितीतरी जण काही महिन्यांपूर्वीपर्यंत विमानातून बॉम्ब टाकत होते. आता त्यांच्या कव्हर ड्राइव्हचं वर्णन छापून येत होतं.

दर शनिवारी डेव्हनवर भाजी घ्यायला गेले की मी काकांकडे जायची. ते चहा करायचे, साखर जास्त घालायचे. टीव्हीवर इराकच्या बातम्या चालू असायच्या. मी आले की ते आवाज बंद करायचे, चित्र तसंच चालू ठेवायचे. "काही सापडलं?" असं ते थेट कधी विचारत नसत. "अभ्यास कसा करून राहिलीस?" असं विचारायचे आणि थांबायचे.

जानेवारीत सापडलं. आधी सराव सामन्याच्या यादीत नाव, स्पेलिंग चुकलेलं पण तेच. मग सामन्याची हकिगत: कामठीहून आलेल्या या शिपायानं सकाळी वेगानं मारा केला, दोन चांगले फलंदाज बाद केले. मी यंत्रासमोर एकटीच हसत होते. रीळ पुढे फिरवलं. तीन दिवसांनंतरच्या अंकात पाहुण्यांशी खेळणाऱ्या बारा जणांची यादी होती.

तिच्यातही त्यांचं नाव होतं.

मी तीनदा वाचलं. मग सामन्याच्या पहिल्या दिवसाची बातमी काढली. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: कामठीचा गोलंदाज मैदानावर आला नाही, उतरला होता तिथंही सापडला नाही, त्याच्या जागी दुसऱ्याला घेण्यात आलं.

मी चारही पानांच्या प्रिंट काढल्या आणि आधी काकांच्या मुलीला फोन केला. तिला मी ताई म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती फार्मसीच्या लंच ब्रेकमध्ये मला भेटली. कोट न काढताच तिनं सगळं वाचलं.

"बाबांना दाखवू नकोस."

"पण ताई, ते वाट बघतायत."

"बघू दे. मिळालं नाही म्हणून सांग. रेकॉर्ड्स इनकम्प्लीट आहेत म्हण. अगं, आई गेली, नोकरी संपली, गाव सुटलं. वर्षातून एकदा उभं राहून ही एक गोष्ट सांगतात ते. तेवढीच उरली आहे त्यांच्याकडे."

मी कबूल केलं. पुढचे दोन शनिवार मी डेव्हनला गेलेच नाही. अभ्यास आहे असा फोन केला. माझ्या आवाजावरून काकांना कळलं असणार. चाळीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेला माणूस तो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी लायब्ररीच्या काउंटरवर होते. बाहेर बर्फ साचलेलं, वारा असा की चालताना डोळ्यांतून पाणी यायचं. दार उघडलं आणि काका आत आले. माकडटोपी, त्यावर ताईची लोकरी टोपी, पायात बर्फाचे बूट. डेव्हनहून बस, मग ट्रेन, मग पुन्हा बस. दीड तास लागला असेल. चष्म्यावर वाफ धरली होती, तो पुसत ते म्हणाले, "तुला सापडलंय."

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"वाईट असेल म्हणून सांगत नाहीस. चालेल. मला दाखव."

मी त्यांना तळघरात नेलं. प्रिंट माझ्या बॅगेत होत्या, पण त्यांना फिल्मवरच बघायचं होतं. मी रीळ लावून दिलं. सराव सामन्याची हकिगत वाचताना त्यांचे ओठ हलत होते. भावाचं नाव आलं तिथं त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाले, "पुढे."

मी बारा जणांची यादी काढली. मग ते शेवटचं वाक्य.

काकांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "घेतलं होतं," ते म्हणाले. मग विचारलं, "त्याला उतरायला कुठे दिलं होतं, ते आहे यात?"

"नाही."

"जेवायला कोणाबरोबर बसवलं?"

"नाही, काका. तसलं काही छापलेलं नाही."

"हं," ते म्हणाले. "ते कसं छापतील."

सुपरवायझरला सांगून मी त्यांच्याबरोबर निघाले. ट्रेनमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मध्येच बोलायला लागले, जणू मी काही विचारलं होतं. दादा लढाईहून आल्यावर जेवायला नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा. मोकळं मैदान आडवं आलं तर कडेकडेनं जायचा, लांब पडलं तरी. दिवाळीत घरात थांबायचा नाही, नदीवर जाऊन बसायचा. "आम्ही म्हणायचो, मुंबईचा अपमान मनाला लागला. पण बेटा, हे तो मुंबईला जायच्या आधीपासून करत होता. मी पाहिलं होतं. लहान होतो, पण पाहिलं होतं."

घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. ताई यायची होती. काकांनी टोपी काढली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तिकडे सकाळ झाली. वहिनी उठली असेल." दादा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्यांची बायको कामठीतच, मुलाकडे होती. काकांनी फोन कार्डावरचे आकडे दाबले. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर लावला. त्यामुळे सगळं मीही ऐकलं.

ख्यालीखुशाली झाली. मग काका म्हणाले, "वहिनी, दादाला मुंबईच्या मॅचला घेतलं होतं. तुला माहीत होतं?"

तिकडे कोणीतरी बादलीत पाणी भरत होतं. तो आवाज थांबला.

"कोन सांगतलं तुले?"

"पेपरात आहे."

"मंग आहे तं आहे." मग त्याच पुढे बोलल्या. "लगन झाल्यावर दोन-तीन सालानं सांगतलं त्यानं मले. कोनाले सांगू नको म्हने. खेळाच्या आदल्या दिशी चहापानी होतं तिथं. गोऱ्यायचा एक गडी होता, इमानातला. त्यानं चहा हाती घेतला तं कपबशी वाजे, असे हात कापत त्याचे. अन् लोक त्याच्याकडं पाहून टाळ्या वाजवत. लढाईतून आला म्हून."

"मग?"

"मंग काय. हा म्हने, माहे बी हात तसेच कापत होते. मी खिशात घालून उभा होतो. त्याचे कापले तं टाळ्या. माहे उद्या मैदानात कापले तं लोक म्हनतीन, पाहा, यायच्यात दमच नाही. एकट्याले नसते म्हनले ना. सगळ्यायले म्हनले असते. म्हून रातच्या गाडीनं निंगून आला."

काकांच्या हातातलं फोन कार्ड वाकलं होतं. "मग घरी खरं का नाही सांगितलं त्यानं?"

"बापाले काय सांगे? भेव वाटलं म्हून आलो म्हने?"

काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, "मावशी, काका नंतर फोन करतील." वहिनींनी विचारलं, "तू कोन हायेस?" मी लायब्ररीत काम करते, एवढंच मी म्हणाले.

त्या संध्याकाळी ताई आली तेव्हा काका अंधारात बसले होते आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत होते. तिला समजायला वेळ लागला नाही. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी." ते स्वतःहून लायब्ररीत आले, हे मी सांगितलं. "आधी शोधायला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा बुद्धपौर्णिमा आली. काका बोलणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण सेक्रेटरींनी नाव घेतलं आणि ते उठले. नेहमीसारखा माइक बाजूला केला. कामठीचं मैदान, पलटण, स्वेटर, स्टेशन, सगळं त्याच शब्दांत झालं. आणि मग ते म्हणाले, "गेल्या वर्षीपर्यंत मी तुम्हाला अर्धंच सांगत होतो. मला अर्धंच माहीत होतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. यादीत आलेलं नाव, चहापान, त्या वैमानिकाचे हात, भावाचे खिशातले हात, रात्रीची गाडी. आवाज चढला नाही की कापला नाही. त्या हॉलमध्ये मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

कोणी टाळी वाजवली नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. नुकताच नोकरीला लागलेला एक इंजिनिअर, माझ्याच वयाचा, शेजाऱ्याला म्हणाला, "म्हणजे पळून आले यार, सिलेक्ट होऊन?" फार मोठ्यानं नाही म्हणाला, पण हॉल शांत होता. सेक्रेटरी घाईनं पुढे आले. "थँक यू काका. मुलं आहेत ना इथे, थोडं इन्स्पायरिंग ठेवू या पुढच्या वेळी. आता लकी ड्रॉ."

काका मान हलवून खाली येऊन बसले. माझ्या बॅगेत चारही प्रिंट होत्या. उठून त्या इंजिनिअरला दोन शब्द सुनवावेत, असं मनात आलं होतं. एवढी लढाई लढून आलेला माणूस आपल्या सगळ्यांकडे बोट दाखवलं जाऊ नये म्हणून आयुष्यभर गप्प राहिला, त्याला पळपुटा म्हणतोस? हे वाक्य मी नंतर कितीदा तरी जुळवलं आहे. तेव्हा जागेवर बसून राहिले. नवीन होते, विद्यार्थी होते, त्याच लोकांच्या गाडीतून मला परत जायचं होतं. कारणं बरीच होती.

पुढच्या वर्षी काकांना बोलायला कोणी बोलावलं नाही. अर्थात ते तेव्हा शिकागोत नव्हतेच. त्या भाषणानंतरच्या ऑक्टोबरातच ते कामठीला परत गेले होते. थंडी सोसत नाही, असं कारण सांगितलं. निघायच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तेव्हा ते बॅग भरत होते. मी म्हणाले, "काका, मी शोधायला नको होतं."

ते शर्टाची घडी करत होते. घडी पुरी केली. "मी त्याला साठ वर्षं दुसऱ्यांनी हरवलेला समजत होतो," ते म्हणाले. "ते सोपं होतं. आता तो समोर येतो तेव्हा त्याचे हातच दिसतात मला. बरं वाटतं असं नाही म्हणणार मी. तू चूक केलीस असंही नाही म्हणणार." मग त्यांनी मला दुसरा शर्ट धरायला दिला, आणि बॅग भरून होईपर्यंत आम्ही विमानात किती वजन चालतं एवढंच बोलत राहिलो.

वहिनी त्या हिवाळ्यात गेल्या. काका त्यानंतर दीड वर्षानं. मला ते कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये खालच्या ओळीत कळलं. ताईला फोन लावला, तिनं उचलला नाही.

ती मला भेटली ती २००७ मध्ये, डेव्हनवरच, किराणा दुकानाच्या दारात. केस पांढरे झाले होते. आम्ही दोघी क्षणभर थांबलो, मग तीच बोलली. मिनेसोटात, ईडन प्रेरीला नवी नोकरी लागली होती, महिनाअखेरीस जाणार होती. मी काकांचं विचारलं.

"शेवटचे दोन महिने मी होते तिथे," ती म्हणाली. "माणसं ओळखत नव्हते फारसे. हॉस्पिटलमधल्या नर्सला तोंडी गणितं घालायचे. ती चुकली की रागवायचे." ती जराशी हसली. "मला वाटायचं, माझ्याशी काहीतरी बोलतील. मलाही गणितंच घातली."

तिच्या हातात तांदळाची मोठी पिशवी होती. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली होती. पिशवीची एक बाजू मी धरली आणि आम्ही चालत गेलो. डिकी बंद करून ती म्हणाली, "नंबर बदलेल माझा. पाठवते." मी हो म्हणाले. नंबर आला नाही, आणि मीही कोणाकडे मागितला नाही.